रेडिएटरला वल्ह्याची खुट्टी

मूल

चंद्रपूर ते मूल हा रस्ता म्हणे फार देखणा आहे. मला त्यातला आठवतो तो फक्त गाडीच्या तापमानाचा काटा. निम्म्यावर असायचा तो हळूहळू वर सरकत गेला आणि मूलची पहिली राईस मिल दिसेपर्यंत लाल रेघेला टेकायला आला. स्वयंपाकघरातून गोडसर वास आला तर माणसाला बरं वाटतं. बॉनेटखालून आला तर समजावं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय.

मी सातारची. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गाडी माझ्यासारखीच जुनी, डिझेलवर चालणारी आणि तापट. घरात माझा विषय निघाला की ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण निघतेच, आणि ती खोटी नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, साठी उलटल्यावर, एकटीनं नऊशे किलोमीटर गाडी हाकत इथं येण्याचं कारण मात्र माझा उतावळेपणा नव्हता. कारण होतं आक्का, माझी थोरली बहीण.

आक्का तरुणपणी भामरागडच्या बाजूला, जंगलातल्या एका गावात नर्स होती. बदली झाली तेव्हा तिथल्या राजेबाई नावाच्या बाईनं तिला तुंबाभर, म्हणजे भोपळा कोरून केलेलं भांडं भरून, धान दिलं. काळ्या लांब कुसळांचं, त्यांच्या गावचं जुनं बियाणं. आक्का ते घेऊन निघाली, मूलला बस चुकली म्हणून एका ओळखीच्या घरी थांबली. आमच्या रानात ऊस. तिथं हे धान कुठं पेरणार? म्हणून तिनं तो तुंबा त्या घरच्या बाईला देऊन टाकला. आणि मग आयुष्यभर मनाला लावून घेतलं, की कुणी मायेनं दिलेलं मी वाटेतच दुसऱ्याला दिलं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडालाच पूर राजेबाईच्या गावात शिरला. कणग्यांतलं धान कुजलं, आणि काळ्या कुसळांचं बियाणं गावात कुणाकडेच उरलं नाही. आरोग्यसेविकेच्या फोनवरून निरोप आला, नर्सबाईंकडे ते अजून आहे का? आक्कानं घाबरत घाबरत मूलला फोन लावला. ती बाई कधीच गेली होती. तिचा मुलगा मधुकर म्हणाला, “हाय ना. दरवर्षी पेरतो मी एका कोपऱ्यात.”

आक्काचा गुडघा तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही, म्हणून मी निघाले. मुदत ठरलेली होती. परवा सकाळी त्या गावात बियाण्यांचा पंडुम, म्हणजे सण होता. घराघरातलं बियाणं गायत्यापुढे, म्हणजे गावच्या पुजाऱ्यापुढे एकत्र ठेवायचं, आणि ज्या बियाण्याची मूठ त्या टोपलीत पडेल तेच यंदा पेरायचं. मागाहून आलेलं पुढच्या वर्षी. आता राजेबाईनं ऐंशी ओलांडलेली, आणि हे तेच धान, असं ओळखून सांगणारी ती एकच उरलेली. तिला पुढच्या वर्षी या असं सांगणारी मी कोण?

मधुकरभाऊंचं घर शोधावं लागलं नाही. राईस मिलमधली इंजिनं दुरुस्त करणारा मधुकर म्हटल्यावर पानवाल्यानंच गल्ली दाखवली. पन्नाशीचा, बारीक, कानावर पेन्सिल ठेवलेला माणूस. मी बियाण्याचं बोलायला तोंड उघडलं तर तो माझ्या मागे, गाडीखालच्या हिरवट ओघळाकडे बघत होता.

“बियाणं तयार हाय, बाई. पण या गाडीनं तं ते आलापल्लीलेच उतरवा लागन. पहिले हिले पाहू.”

इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी बॉनेटला हात लावू दिला नाही. “गरम असताना टोपण उघडलं तं तोंड भाजते,” एवढंच म्हणून त्यांनी मला जेवायला बसवलं. पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची भाजी, वरण आणि भात. भात इतका वाढला की सातारला आम्ही चौघं जेवलो असतो. आमच्याकडे पाहुण्याला पोळी वाढतात आणि भात शेवटी विचारतात. इथं पोळीचं कुणी नावही काढलं नाही, आणि तो भात खाल्ल्यावर मलाही तिची आठवण झाली नाही.

जेवण झाल्यावर मधुकरभाऊंनी जे केलं ते मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. त्यांनी इंजिनचे पाईप, सांधे, रेडिएटर, सगळं फडक्यानं कोरडं केलं. मग एका डब्यातून राख काढली. मिलमध्ये धानाची फोलपटं जळतात, त्यांची पांढुरकी, पिठासारखी राख. ती तळहातावर घेऊन त्यांनी फुंकरीनं सगळीकडे उडवली आणि गाडी चालू केली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं खालच्या जाड पाईपच्या तोंडाशी राख काळी पडली. मग रेडिएटरच्या डोक्यावर एक बारकासा काळा ठिपका उमटला.

“दोन जागी गळून राह्यली. तुमच्या डोळ्याले पाणी दिसत नाई, पण राखेले दिसते.”

पाईपचं चिरलेलं तोंड त्यांनी इंचभर कापलं आणि नवी पट्टी आवळून पुन्हा बसवलं. दुसरा ठिपका होता हवा काढायच्या बुचाचा. रेडिएटरच्या डोक्यावर प्लास्टिकचं एक छोटं, आट्यांचं बूच असतं. कूलंट भरताना आत हवा अडकली तर ती तिथून बाहेर सोडायची, नाहीतर इंजिन तापतं. त्यांनी बुचाचं रबर बदललं, कूलंट भरलं, बूच सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि ते दोन बोटांनी बंद केलं.

“हे बूच म्हातारं झालं, बाई. डोक्याले चीर हाय. नवीन मूलमध्ये नाई, मागवून ठेवतो, वापस येताना बसवू. तोवर याले बोटानंच बंद करायचं. पेचकस लावू नका.”

मग त्यांनी साबणानं हात धुतले. एकदा धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. “हे कूलंट गोड लागते म्हणते. पण जहर हाय. एक कुत्रं मेलं होतं आमच्या गल्लीत.”

संध्याकाळी त्यांनी मला त्यांची बांधी दाखवली. धानाच्या शेताला इकडे बांधी म्हणतात. चारी बाजूंनी सपाट रान आणि एका कोपऱ्यात खाटेएवढा तुकडा वेगळा आखलेला. एवढी वर्षं हा माणूस त्या तुकड्यात दुसऱ्याचं बियाणं पेरत आला होता. मागच्या हंगामात आक्काचा फोन आल्यावर त्यानं तुकडा मोठा केला, म्हणून दोन लहान पोती भरली. मी विचारलं, हे धान तुम्हाला परवडतं का? ते हसले.

“कमी पिकते. पण मायनं सांगतलं होतं, ठेव हाय म्हणून. ठेव खाता येत नाई, अन् मरू देता येत नाई.”

आलापल्लीच्या पुढे

आलापल्लीच्या पुढचा सागवान पाहिला आणि पहिल्यांदा काट्यावरची नजर निघाली. मेच्या उन्हात साग पानं गळून उघडा होता, खोडं मात्र ताठ, आणि मधूनच आंब्याचं एखादं गर्द झाड. रस्त्याकडेला तेंदूपानांचे पुडके उन्हात ओळीनं वाळत होते. दहाच्या सुमाराला मी एका नाल्याच्या पुलापाशी पोचले आणि सवयीनं खाली पाहिलं. काटा पुन्हा चढत होता.

इथवर माझं काही चुकलं नाही. मी सावलीत थांबले आणि तासभर इंजिन थंड होऊ दिलं. माझ्या हिशेबानं हा तास म्हणजे तपश्चर्याच. बूच सैल केल्यावर फुस्स करून हवा गेली, बुडबुडे आले, मग नुसतं पाणी. बोटानं बंद केलं. बुचाच्या कडेला एक थेंब जमला. पुसला, पुन्हा जमला. आणि त्या एका थेंबानं माझं डोकं फिरलं. मी पेचकस काढला आणि अर्धा आटा आवळला.

टक्. बुचाचं डोकं माझ्या हातात आलं आणि उरलेलं आतच राहिलं.

प्लास्टिक तापून ठिसूळ होतं हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आले. स्वतःला इतक्या शिव्या मी आयुष्यात दिल्या नसतील. मोबाईलला रेंज नव्हती. दिवसाची बस सकाळीच निघून गेली होती. गाव अजून वीस किलोमीटर. मागच्या सीटवर दोन पोती, आणि उद्या सकाळी पंडुम.

अर्ध्या तासानं पुलावरून एक माणूस चालत आला. साठीच्या आसपासचा, उघडा, कावड घेतलेला. कावडीच्या एका बाजूला हत्यारं, दुसऱ्या बाजूला भांडीकुंडी आणि एक तुंबा. त्यानं जोहार केला. नाव लालसू. डोंगे कोरणारा, म्हणजे एका खोडाची नाव करणारा. सासुरवाडीला पडलेल्या खोडाचा एक डोंगा कोरून पंडुमसाठी घरी चालला होता. गावाचं नाव विचारलं तर तेच, राजेबाईचं. मी सीटवरच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. त्यानं पोत्यातून चार दाणे काढले आणि कुसळ बोटावर फिरवलं.

“वंजी,” तो म्हणाला. त्यांच्या माडियात धानाला वंजी म्हणतात. “नर्सबाईची बहीण हाय का तू?”

मी हो म्हणाले, आणि आपण काय करून ठेवलं तेही सांगितलं. त्यानं वर पाहिलं. “सूर्य त्या सागावर येईस्तोवर गाडी पाहू. नाई जमलं तं कावडीनं नेतो.” दोन पोती, वीस किलोमीटर, साठीचा माणूस. त्यानं ते असं सांगितलं, जसं मी कोपऱ्यावरून दूध आणते म्हणेन.

आधी त्यानं तुंब्यातली तांदळाची आंबील पानाच्या द्रोणात ओतून मला दिली. त्याला ते जावा म्हणतात. गार, आंबूस, किंचित खारट. सातारला आम्ही उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात उकळता चहा देतो. त्या द्रोणानंतर मला आमच्या रीतीची थोडी लाज वाटली.

मग काम. तीन दगड मांडून त्यानं काटक्या पेटवल्या, सुरीचं टोक तापवलं आणि बुचाच्या अडकलेल्या तुकड्यात दाबून धरलं. प्लास्टिक टोकाला चिकटलं. थंड झाल्यावर सुरी हलकेच फिरवली, तसा तो तुकडा आट्याआट्यानं वर आला. राहिलं भोक. ते बुजवायला खुट्टी हवी होती.

शेजारीच पळसाची ओली फांदी बोटाएवढी जाड, सरळसोट. मी म्हटलं, “ही तोडा ना.”

“पंडुम झाल्याबिगर आमच्या गावचा माणूस ओलं तोडत नाई.”

“अहो, एक काडीच तर आहे.”

“काडीच हाय,” तो शांतपणे म्हणाला, आणि फांदीला हात लावला नाही.

मला राग आला, खरं सांगते. सूर्य सागाकडे निघाला होता आणि हा माणूस नियम सांगत होता. तो कावडीतली हत्यारं एकेक करून खाली ठेवत राहिला आणि तळातून एक गुळगुळीत, काळपट दांडा काढला. मोडलेल्या वल्ह्याचा. पातं कधीच गेलं, पण दांडा त्यानं ठेवला होता. त्याचा वीतभर तुकडा कापून तो सुरीनं तासायला बसला. भोकात घालून बघायचा, काढायचा, पुन्हा तासायचा. खालचं टोक बारीक, वर किंचित जाड.

“काऊन कोरडं घेतलं, माहीत हाय का?” तासता तासता तोच म्हणाला. “कोरडं लाकूड पाणी पिते अन् फुगते. ओलं लाकूड गरमीनं आकसते. डोंग्याच्या भोकाले ओली खुट्टी मारली तं माणूस मधात बुडते.”

माझ्या पळसाच्या फांदीनं गाडी चार किलोमीटरवर पुन्हा रिकामी झाली असती. त्यानं नियम मोडला नाही म्हणून आमचं भलं झालं, आणि नियम नसता तरी त्यानं कोरडंच लाकूड घेतलं असतं. विज्ञानाच्या बाईंना हे समजायला जंगलात यावं लागलं.

खुट्टीला मधमाश्यांचं मेण चोळून त्यानं ती दगडानं हलकेच ठोकली आणि कावडीच्या दोरीचा एक पदर काढून वरून करकचून बांधली. नाल्याच्या डोहातलं पाणी मी ओढणीनं गाळून आणलं, उरलेल्या कूलंटमध्ये मिसळून भरलं. मग माझ्याही शिकवण्याचा थोडा उपयोग झाला. रेडिएटरचं मोठं टोपण मी पहिल्या खाचेवरच ठेवलं, पूर्ण आवळलं नाही. आत वाफेचा दाब साठला नाही म्हणजे खुट्टी उडणार नाही. लालसूला हे सांगितलं तर त्यानं मान डोलावली, जशी मी त्याच्या खुट्टीला डोलावली होती. सांडलेल्या हिरव्या पाण्यावर मी माती लोटत होते, गुरं चाटतील म्हणून. काही न विचारता तोही लोटायला लागला.

सूर्य सागावर आला तेव्हा गाडी चालू झाली. इंजिनची उष्णता काढून घ्यावी म्हणून मी हीटर पूर्ण चालू ठेवला. मेचा महिना, दुपार, आणि आत हीटर. लालसू पोती सांभाळत मागे बसला होता. दोन किलोमीटरवर त्यानं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाला, “बाई, तुमच्या गाडीत अंदरही ऊन लावते का?”

दर चार किलोमीटरला थांबायचं, तो उतरून खुट्टीवर बोट फिरवायचा. पहिल्या थांब्याला बोट ओलं. दुसऱ्याला थोडं ओलं. तिसऱ्याला त्यानं बोट माझ्यापुढे धरलं. कोरडं.

गाव

दिवस मावळायच्या आत आम्ही पोचलो. राजेबाई घरापुढे बसली होती. वाळलेल्या आंब्यासारखा चेहरा, डोळ्यांत पडदा आलेला. लालसूनं तिच्या ओंजळीत धान दिलं. तिनं ते पाहिलं नाही. कुसळं गालावरून फिरवली, एक दाणा सोलून दातांखाली धरला आणि माडियात काहीतरी म्हणाली.

“आमचंच हाय म्हणते,” लालसूनं सांगितलं. “दुसऱ्या पाण्यानं वाढलं, पण आमचंच.”

मग मला आक्काचा निरोप सांगायचा होता. तो मी वाटेत किती वेळा घोकला होता. तू मायेनं दिलेलं तिनं घरी नेलं नाही, वाटेतच दुसऱ्याला देऊन टाकलं, त्याबद्दल ती माफी मागते. लालसूनं ते सांगितलं, तशी म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

“म्हणते, तिनं स्वतःजवळ ठेवलं असतं तं उंदरानं खाल्लं असतं. अन् इथचं तं पुरानं नेलं. दिलं म्हणून वाचलं.”

दुसऱ्या दिवशी पंडुम झाला. मी बायकांबरोबर लांबून पाहिला. तिथली तशी रीत होती आणि मला ती मोडायची नव्हती. आदल्या दिवशी मी एक धडा शिकले होते. घराघरातून पानाच्या पुड्यांत बियाणं आलं, गायत्यापुढच्या टोपलीत पडलं. काळी कुसळं त्यात दुरूनही ओळखू येत होती. नंतर गायत्यानं त्या एकत्र झालेल्या बियाण्यातली एकेक मूठ प्रत्येक घराला परत वाटली. आमच्याकडे बियाण्याची पिशवी दुकानातून येते आणि ती कुणाच्या शेतातली, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. इथं प्रत्येकाच्या मुठीत सगळ्या गावाचे दाणे होते.

वाटून झाल्यावर राजेबाईनं गायत्याला हाक मारून काहीतरी सांगितलं. त्यानं आणखी एक पुडी बांधली आणि ती लालसूनं माझ्याकडे आणली.

“हे मूलच्या घराचं. म्हणते, तेही गावातलंच घर हाय.”

पुन्हा मूल

परतीच्या वाटेवर मी खुट्टीला हात लावला नाही. टोपण पहिल्या खाचेवर, हीटर चालू, वेग बैलगाडीहून थोडा जास्त. आलापल्लीला रेंज आली तेव्हा आक्काला फोन केला आणि राजेबाई काय म्हणाली ते शब्द न शब्द सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि ती म्हणाली, “हसली ना? ती तशीच हसते. ठसका लागेपर्यंत.” आक्काला इतकं हलकं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मूलला मधुकरभाऊंनी बॉनेट उघडलं आणि खुट्टी बघत उभे राहिले. दोरी सोडली, पकडीनं धरून फिरवली, हलली नाही. चांगली फुगली होती. हलवून हलवून निघाली तेव्हा हिरवं पाणी त्यांच्या मनगटापर्यंत आलं. मी पेचकस लावल्याची कबुली दिली. त्यांनी खुट्टी पुसून उजेडात धरली, टोकाचा निमुळतेपणा अंगठ्यानं चाचपला.

“हे करणाऱ्याचा हात पाहाले पाह्यजे एकदा,” ते म्हणाले. नवीन बूच बसवलं, बुडबुडे थांबू दिले, आणि दोन बोटांनी बंद केलं.

मग मी पुडी पुढे केली. कुणी दिली, आणि काय म्हणून दिली, ते सांगितलं. तेही गावातलंच घर हाय.

त्यांचे हात पुढे आले आणि मधेच थांबले. हिरव्या ओल्या हातांकडे त्यांनी पाहिलं आणि ते झटकन मागे घेतले.

“थांबा, बाई.”

ते हापशावर गेले. साबणानं हात धुतले, वास घेतला. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले. परत आले तरी पुडी घेईनात. अंगणात उन्हात दोन्ही तळहात उघडे धरून उभे राहिले.

“ओल्या हातात बियाणं घेत नाईत,” ते म्हणाले. त्यांचे डोळे मात्र कोरडे नव्हते.

मी पुडी धरून तशीच उभी राहिले. मला कसलीही घाई नव्हती.